प्रतिसाद: वय आणि भाषा

सात वर्षांखालील मुलांना संवाद कळत नाहीत, म्हणून त्यांना बालनाट्याला नेऊ नये, हे मत मला अर्धेच पटते. बेळगावात कन्नड माध्यमात शिकणारी माझी पाच वर्षांची मुलगी आणि तिची मराठी न येणारी शेजारची मैत्रीण यांना मी एकत्र नाटकाला नेले, तेव्हा राक्षस दबकत मागून येताच एकीने ‘मागं बघ!’ आणि दुसरीने कन्नडमध्ये ‘हिंदे नोडु!’ असे ओरडून नटाला सावध केले, आणि तो पठ्ठ्या दोघींचे ऐकून वळला. अंधाराची भीती मात्र खरी आहे. पहिला अंक लेकीने माझ्या मांडीवर बसूनच पाहिला. म्हणून जागा कडेची घ्यावी, म्हणजे मूल घाबरले तर पटकन बाहेर नेता येते.