थकलेल्या पगारापोटी कारखान्यातली मोटर नेली : चोरी की हक्क?

एरंडोलकर : काल इथे कुणी लिहिलं, जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यातून काढलेल्या ऑपरेटरने दोन पगार अडकले म्हणून गोडाऊनमधली मोटर नेली ते बरोबरच, हा पैशांचा वाद, पोलिसांचा संबंध नाही. असले सल्ले देऊन पोरांना आत पाठवू नका! येणं वसूल करायला दुसऱ्याची वस्तू दाबून ठेवली तरी ती चोरीच, हे कलकत्ता हायकोर्टाने 1895 मध्येच सांगितलंय. ‘परत देणारच होतो’ हेही चालत नाही. 1952 मध्ये जोधपूरच्या हवाई दल अकादमीतल्या एका कॅडेटने, तिथून काढलेल्या सोबत्याला घेऊन, विमान पाकिस्तानात नेलं. वस्तू कायमची ठेवायची नसली तरी चोरी होते, असं त्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1957 मध्ये ठरवलं. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 303 खाली तीन वर्षांपर्यंत, गोडाऊनमधून उचललं तर 305 खाली सात.

भुसावळचा फिटर : कलमं आम्हालाच ऐकवा. माझ्या ठेकेदाराने दर महिन्याला पीएफ कापला, पासबुकात एक एन्ट्री नाही. विचारलं तर ‘उद्या ये’. कायदा गरीबलेच लागस का भो?

दालमिलवाला : माझा सुपरवायझर काम सोडताना उधारीची वही आणि मिलचा मोबाइल घेऊन गेला. पगाराचा रुपया बाकी नव्हता. वही नाही म्हटल्यावर अर्ध्या दुकानदारांनी हात वर केले. त्याचाही हक्कच का?

एरंडोलकर : ते त्याच संहितेचं कलम 316(4). कामासाठी हाती दिलेलं नोकराने गिळलं तर सात वर्षांपर्यंत. आणि फिटरभाऊ, पीएफ कापून न भरणं त्याच 316 च्या स्पष्टीकरणात बसतं. तिथे आरोपी मालक.

भुसावळचा फिटर : कागदावर! मोटर गेली की संध्याकाळी गाडी दारात. पीएफ गेला की ‘अर्ज द्या’.

दालमिलवाला : माझं पीएफचं चलन 15 तारखेच्या आत भरलेलं असतं. ठेकेदाराची पापं आमच्या माथी मारू नका.

भुसावळचा फिटर : ठेकेदार नेमतो कोण? त्याने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने द्यायची असते, हे कलम कसं कुणाला आठवत नाही?

चोपड्याची ताई : तुमचं भांडण चालू द्या. माझ्या भावाने नोकरी सुटल्यावर स्वतःची पाना-पेटी घरी आणली. खालच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळलेला मालकाचा मायक्रोमीटर (जाडी मोजायचं साधन) निघाला. त्याला माहीतही नव्हतं, तरी तक्रार झाली. पुढच्या कंपनीने पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं आणि नोकरी हातची गेली.

एरंडोलकर : ताई, लबाडीचा हेतू नसेल तर चोरी होत नाही. पण ते सिद्ध होईपर्यंत माणूस झिजतो, म्हणूनच निघताना यादीवर सही घ्या म्हणतो. पाच हजारांच्या आतला माल, पहिलाच गुन्हा आणि वस्तू परत केली, तर आता शिक्षा समाजसेवेची. मोटर काही पाच हजारांत येत नाही.

भुसावळचा फिटर : बरं. त्या पोराला मोटर परत द्यायला लावतो. पोच घेऊन, आणि त्याच दिवशी पगारासाठी सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज. पण त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

एरंडोलकर : परत दिल्याने गुन्हा पुसला जात नाही. आधी वकील गाठा.

दालमिलवाला : आणि पोच कोणता मालक देईल?

भुसावळचा फिटर : मग तुम्ही चला साक्षीला.