बुडालेल्या बँकेचे नाव अर्जावर असताना

जुने_पासबुक
१३ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने मुंबईतील न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि दुसऱ्या दिवशी शाखांबाहेरच्या रांगा बातम्यांत दिसल्या, तेव्हा सगळे ठेवीदारांकडे पाहत होते. माझी नजर मात्र काचेपलीकडच्या कर्मचाऱ्यांकडे गेली. एके काळी मीही तसाच बसलो होतो. बँक वेगळी, जिल्हा वेगळा, नाव लिहीत नाही. कर्ज कोणाला द्यायचे ते संचालक मंडळ ठरवी, मी फक्त रोख मोजत असे; तरी बँक बुडाल्यावर नव्या नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न "तीच ना ती बँक?" असा येई आणि दुसरा बहुधा येतच नसे. अकरा नकारांनंतर मी अर्जात बँकेच्या नावाखाली एक ओळ घातली: 'रोखपाल, कर्जविभागाशी संबंध नाही, शेवटच्या दिवशीची रोख शिल्लक बरोबर.' बाराव्या ठिकाणी, एका पतसंस्थेत, व्यवस्थापक ती ओळ वाचून हसले आणि त्यांनी नोटांचे बंडल माझ्यापुढे सरकवले. आपलेही अनुभव लिहावेत.

मधुमालती
कुकरच्या तिसऱ्या शिटीपर्यंत जेवढे जमेल तेवढे लिहिते. आमच्या बँकेचा परवाना रद्द झाल्यावर अनुभव प्रमाणपत्रावर सही कोणी करायची यातच सात महिने गेले, कारण जुने अधिकारी फोन उचलत नव्हते आणि बँक गुंडाळण्यासाठी नेमलेले अवसायक आम्हाला ओळखत नव्हते. शेवटी पगारपावत्या आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी जोडून काम भागले. पगारपावत्या घरी ठेवा.

टेबलापलीकडचा
मी मुलाखती घेणाऱ्यांपैकी. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेब फुगवल्याची कबुली दिली आणि पुण्यातील आमच्या कार्यालयात तेथील अभियंत्यांचे अर्ज येऊ लागले. त्यांच्या कामाविषयी आम्हाला शंका नव्हती, त्यांची निकड मात्र आम्ही ओळखली आणि होता त्यापेक्षा कमी पगार देऊ केला. मंदीचे वर्ष होते हे खरे, पण कारण तेवढेच नव्हते.

जुने_पासबुक
दादा, हे मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल आभार. आम्हाला कमी पगारही कोणी देऊ केला नाही!

मधुमालती
शिट्या पाच झाल्या. वरणाचे काय झाले ते विचारू नका.

तालुक्याचा_लेखापाल
आम्हाला ठेवी आणण्याचे उद्दिष्ट असे, त्यामुळे मामांची निवृत्तीची रक्कम मीच त्या बँकेत ठेवायला लावली होती. ठेवविमा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचा झाला. आमची बँक त्याआधी बुडाली, तेव्हा तो एक लाखाचाच होता, आणि वरची रक्कम आजही अवसायकाकडे अडकलेली आहे. दीड वर्ष मी मामांच्या गल्लीतून जाणे टाळले. पुढे एका औषध वितरकाकडे मुलाखतीला गेलो, तर मालकांनी बँकेविषयी चकार शब्द काढला नाही, रुजू व्हायची तारीख सांगून म्हणाले, "तुमचे मामा कालच येऊन गेले."