ट्रिम बिघडलेलं नाही
ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ट्रिम (जादा रेघा छाटायची कमांड) बिघडलंय, असं काहीजण म्हणतात ते पटलं नाही. २०२१ च्या आवृत्तीपासून क्विक मोड आपोआप चालू असतो, कटिंग एज (जिथपर्यंत छाटायचं ती रेघ) आधी निवडत बसावं लागत नाही. जुनी सवय सुटतच नसेल तर ट्रिमएक्स्टेंडमोड हे सेटिंग ० करा, झालं.

मला खरा उपयोग झाला तो २०२२ च्या आवृत्तीतल्या काउंट या मोजणीच्या कमांडचा. गिरगावातल्या एका चाळीच्या पुनर्विकासाचं काम करतोय. दारं-खिडक्यांचे ब्लॉक (एकसंध तयार आकृत्या) मोजून लगेच टेबल तयार! पूर्वी प्रिंटवर लाल पेनाने खुणा करत बसायचो, आणि दरवेळी आकडा वेगळा. फक्त कुणी ब्लॉक एक्सप्लोड करून, म्हणजे सुट्या रेघांमध्ये फोडून ठेवले असतील तर ते धरत नाही; आमची संडासाची सात दारं अशीच गळाली होती.

समोरच्याकडे अजून ऑटोकॅड २०१६ असेल तर फाइल २०१३ फॉरमॅटमध्ये सेव्ह करून पाठवा, नाहीतर उघडणार नाही.