चिखलाची बाटली नुसतीच काळी पडतेय, रंगाचे पट्टे का उतरत नाहीत? (विनोग्राड्स्की स्तंभ)

प्रयोगवही_फोंडा

सजीव ऊर्जा कुठून घेतात आणि कशी वापरतात, हे दहावीच्या मुलांना आकृतीबाहेर दाखवायचं म्हणून दीड लिटरच्या दोन पारदर्शक बाटल्यांत विनोग्राड्स्की स्तंभ लावले आहेत (गाळ, कागद आणि पाणी भरून उजेडात ठेवलेली बाटली, जिच्यात जीवाणूंचे रंगीत थर उमटतात). पाच आठवडे झाले.

बाटली १: कुंभारजुवे कालव्याकाठच्या खाजनातला (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीतला) गाळ, ऑगस्टमध्ये काढलेला. त्यात वर्तमानपत्राची तीन पानं फाडून आणि एक अख्खं उकडलेलं अंडं. वर नळाचं पाणी. आता सगळा गाळ डांबरासारखा काळा, मध्ये दोन-दोन सेंटीमीटरच्या पोकळ्या, पाणी गढूळ आणि झाकण उघडलं की भयंकर वास.

बाटली २: डिचोलीकडच्या ओहोळातला तांबूस गाळ, अर्धं पान कागद, एक चमचा फळ्याच्या खडूची पूड. आधी राखाडी झाली, मग काळी. वास जवळजवळ नाही. वरच्या पाण्यात हिरवं शेवाळ आलं, पण खाली जांभळा किंवा हिरवा पट्टा नाही.

दोन्ही बाटल्या प्रयोगशाळेत एलईडी ट्यूबखाली आहेत. काय चुकतंय? आणि मुलं विचारतात की तळाशी ना ऊन ना हवा, तर तिथले जीव जगतात कशावर? याचं नेमकं उत्तर हवं आहे, "कुजण्यावर" एवढंच नको.

मांडवीकाठ

टीचर, दोन्ही बाटल्यांची दुखणी वेगळी आहेत. उजेडाची अडचण मात्र दोघींची एकच, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

पांढऱ्या एलईडीत अवरक्त प्रकाश जवळजवळ नसतो. रंगीत पट्टे करणारे जीवाणू दोन: जांभळे गंधक-जीवाणू मुख्यतः ८०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात, हिरवे ७२० ते ७६० च्या आसपास. हे दोन्ही प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाच्या काठावर किंवा पलीकडे आहेत. ट्यूबखाली शेवाळाला मेजवानी आणि या दोघांना उपवास. बाटल्या खिडकीशी ठेवा, पण थेट उन्हात नको. उत्तरेची खिडकी उत्तम. थेट उन्हात बंद बाटलीतला गाळ चाळीसच्या वर तापतो आणि पट्टे बसायच्या आत जीवाणू मरतात. पावसाळी अंधारात जुना साठ वॉटचा तारेचा बल्ब हाताभर अंतरावर, रोज दहा-बारा तास. तो विजेचा बराच भाग उष्णता आणि अवरक्त प्रकाशात घालवतो म्हणून आपण तो घराबाहेर काढला, इथे नेमकं तेच हवंय.

आता बाटली १. खाणं फार झालंय. पूर्ण आकाराचं एक पान साधारण आठ-नऊ ग्रॅमचं, म्हणजे तुम्ही पंचवीस ग्रॅम कागद आणि वर अख्खं अंडं घातलंत. दीड लिटरला चार-पाच ग्रॅम कागद पुरतो. अंडं घालायचंच तर अर्धा बलक, आणि मग कागद आणखी कमी. ऑगस्टमध्ये मांडवीचं पाणी पावसामुळे गोडं झालेलं असतं, त्यामुळे गाळात सल्फेट (ज्यापासून रंगीत जीवाणूंना लागणारा सल्फाइड बनतो) आधीच कमी, त्यात वरून नळाचं पाणी. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. पावसाळ्यात कालव्यात त्याचा अंशच उरतो. सल्फेट संपलं की मिथेन करणारे जीव ताबा घेतात. मिथेन पाण्यात फारसा विरघळत नाही, त्याचे बुडबुडे गाळ वर उचलतात. पोकळ्या त्याच. वास येतोय म्हणजे सुरुवातीला हायड्रोजन सल्फाइडही भरपूर झाला, आणि इतक्या सल्फाइडमध्ये रंगीत जीवाणूंनाही टिकणं जड जातं.

दुरुस्तीचा प्रयत्न करू नका, ती बाटली "जास्त खाऊ घातलं तर काय होतं" म्हणून तशीच ठेवा. विणायची लांब सुई कडेने खोचून वायू सोडा. झाकण घट्ट पिळून ठेवू नका, वायू साठून बाटली फुगते आणि फुटू शकते.

डिचोलीचा_गाळ

बाटली २ वर मी लिहितो.

तांबूस गाळ म्हणजे लोहाची ऑक्साइडं. आपल्या जांभ्याच्या मातीत आणि खाणपट्ट्यातल्या ओहोळांत ती खच्चून असतात. ऑक्सिजन संपल्यावर जीवाणू थेट सल्फेटकडे वळत नाहीत. आधी लोहाकडे जातात, कारण तिथे इलेक्ट्रॉन टाकल्यास जास्त ऊर्जा मिळते. तांबडं तीन-संयुजी लोह दोन-संयुजी होतं आणि रंग राखाडी होतो. तुम्ही पाहिलात तो पहिला बदल हाच. त्यानंतर थोडं सल्फेट वापरलं गेलं, हायड्रोजन सल्फाइड झाला आणि जागच्या जागी लोहाने तो पकडून काळं लोह-सल्फाइड केलं. म्हणून काळा रंग आहे पण वास नाही. रंगीत जीवाणूंना मोकळा सल्फाइड लागतो, लोहात अडकलेला त्यांच्या फारसा कामाचा नाही.

खडूचीही तपासणी करा. कपभर व्हिनेगरमध्ये तुकडा टाका. फसफसला तर तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे तुम्ही सल्फेट दिलंच नाही. फसफसला नाही तर जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. आपल्याकडचे बरेच खडू जिप्समचे असतात, पण सगळे नाहीत.

या गाळातही पट्टे येतात, फक्त लोहाची भूक भागेपर्यंत सल्फेट जास्त द्यावं लागतं आणि वाट जास्त पाहावी लागते. दोन-तीन महिने धरा. घाई असेल तर खाजनाचा गाळच घ्या.

खारफुटी

"तळाशी जगतात कशावर" याचं उत्तर देते, कारण खरा धडा तिथेच आहे.

पेशीला ऊर्जा मिळते ती इलेक्ट्रॉन एकाकडून घेऊन दुसऱ्याला देण्यात. कोणाकडून घ्यायचा आणि कोणाला द्यायचा, एवढाच प्रश्न प्रत्येक थर आपापल्या परीने सोडवतो. आपण अन्नाकडून घेतो आणि ऑक्सिजनला देतो. हा सौदा सगळ्यांत फायद्याचा: एक मोल ग्लुकोज पूर्ण जाळलं तर सुमारे २८७० किलोज्यूल सुटतात, आणि पेशी त्यातून प्रत्येक ग्लुकोज रेणूमागे ३० ते ३२ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) करते. (जुन्या पुस्तकांत ३८ आहे. तो कागदावरचा हिशोब. पटलातून प्रोटॉन गळतात, एटीपी आणि फॉस्फेटची ने-आण फुकट होत नाही, म्हणून प्रत्यक्षात कमी. परीक्षेत मुलांनी पुस्तकातलाच आकडा लिहावा हे वेगळं सांगायला नको.)

तळाशी ऑक्सिजन नाही. तिथे क्लॉस्ट्रिडियमसारखे जीवाणू कागदातलं सेल्युलोज तोडून ग्लुकोज करतात आणि त्याचं किण्वन करतात, म्हणजे ऑक्सिजनशिवाय अर्धवट तोडतात. ग्लायकोलिसिसमधून (ग्लुकोज तोडण्याच्या पहिल्या टप्प्यातून) हाती लागतात फक्त २ एटीपी, किण्वनाच्या काही वाटांनी थोडे जास्त. मुलं लगेच म्हणतील की बाकीची ऊर्जा वाया गेली. तसं नाही. ती लॅक्टिक आम्ल, ॲसिटिक आम्ल, अल्कोहोल, हायड्रोजन यांच्यात तशीच बांधलेली राहते. काजूच्या रसात यीस्ट तेच करतं: साखरेतली बहुतेक ऊर्जा अल्कोहोलमध्येच उरते, म्हणून तर चांगली फेणी पेट घेते.

एकाचं उष्टं ते दुसऱ्याचं ताट. डिसल्फोव्हिब्रिओसारखे सल्फेट श्वसन करणारे ही आम्लं आणि हायड्रोजन घेतात आणि इलेक्ट्रॉन सल्फेटला देतात. कमाई ऑक्सिजनच्या मानाने तुटपुंजी, पण तळाशी स्पर्धकही नसतात. त्यांचा टाकाऊ पदार्थ म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड.

तो वर झिरपतो आणि उजेड असलेल्या पट्ट्यात हिरव्या आणि जांभळ्या जीवाणूंना मिळतो. ते प्रकाशसंश्लेषण करतात, पण इलेक्ट्रॉन पाण्याऐवजी सल्फाइडमधून काढतात. त्यामुळे बाहेर पडतो ऑक्सिजन नव्हे, गंधक. जांभळ्यातले नेहमी भेटणारे क्रोमॅशियमसारखे जीवाणू गंधकाचे कण पेशीच्या आत ठेवतात, हिरवे बाहेर टाकतात. हिरव्यांना सल्फाइड जास्त सोसतो, म्हणून त्यांचा पट्टा जांभळ्यांच्या खाली. हे पाहूनच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व्हॅन नील यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तर्क मांडला की झाडांतून निघणारा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नसून पाण्यातला असणार. १९४१ मध्ये रूबेन आणि केमेन यांनी जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचं जड समस्थानिक) वापरून तो पडताळला. दहावीच्या समीकरणात हे कुठून आलं ते मुलांना चिखलात दाखवता येतं, ही मला या प्रयोगातली सर्वांत मोठी गंमत वाटते.

आणखी वर, जिथे सल्फाइड आणि ऑक्सिजन एकमेकांना भिडतात, तिथे कधी पांढरे तंतू दिसतात. ते बेगियाटोआ. ऊन नको, साखर नको, सल्फाइडचं ऑक्सिडीकरण करूनच ऊर्जा. विनोग्राड्स्कींनी १८८७ मध्ये हेच ओळखलं. सगळ्यांत वर सायनोबॅक्टेरिया आणि शेवाळ, म्हणजे आपल्या ओळखीचं प्रकाशसंश्लेषण.

प्रयोगवही_फोंडा

देव बरें करूं. नव्याने लावायचं म्हटलं तर मापं सांगाल का? आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचं काय? तिसऱ्यांची शिंपलं कॅल्शियम कार्बोनेट म्हणून चालतील?

मांडवीकाठ

क्लोरीनचं फार मनावर घेऊ नका, गाळातले सेंद्रिय पदार्थ तो चटकन संपवतात. नळाच्या पाण्याची खरी उणीव मीठ आणि सल्फेट नसण्याची. खाडीचं पाणी आणा. पावसाळ्यातलं असेल तर लिटरमागे दहा ग्रॅम मीठ घाला.

शिंपलं चालतील, नव्हे उत्तमच. धुऊन, वाळवून, कुटून बारीक पूड करा. पण शिंपलं भाजून केलेला चुना, पानाचा किंवा भिंतीचा, चुकूनही नको. तो हायड्रॉक्साइड असतो, सामू (पीएच) बाराच्या आसपास नेतो आणि बाटली निर्जंतुक झाल्यासारखीच होते.

गाळ ओहोटीला घ्या, मानशीजवळच्या (खाजनाच्या बांधातल्या दाराजवळच्या) पोंयीच्या, म्हणजे तळ्याच्या, काठचा, वरचा तपकिरी पापुद्रा बाजूला करून पाच-दहा सेंटीमीटर खालचा काळा. वास आला म्हणजे हवे ते जीव आधीच तिथे आहेत. खाजन ज्यांचं, त्यांना विचारून घ्या. चोडणच्या पक्षी अभयारण्यातून उचलू नका. काड्या, मुळं, खेकडे, शंख वेचून काढा. एक मेलेला खेकडा पुरेसा गोंधळ घालतो.

दीड लिटरच्या बाटलीचा गळा कापा. ४०० मिलि गाळात अर्धं पान वर्तमानपत्र बोटभर तुकडे करून, एक चहाचा चमचा जिप्सम आणि एक चमचा शिंपल्यांची पूड मिसळा. खाडीचं पाणी घालून भज्यांच्या पिठाइतकं सैल करा. हा थर तळाला. बाटली टेबलावर हलकेच आपटून हवा काढा, कारण अडकलेला बुडबुडा पट्टा मोडतो. वर ५०० ते ६०० मिलि साधा गाळ, काही न मिसळता. त्यावर तीन-चार सेंटीमीटर पाणी, आणि वर थोडी रिकामी जागा. तोंडाला पातळ प्लास्टिक आणि रबर, सुईने दोन भोकं. बाष्पीभवनाने पाणी उतरलं तर साधं पाणी घाला, खारं नको, नाहीतर क्षार वाढत जातात.

प्लास्टर ऑफ पॅरिसही सल्फेटच आहे, पण ओलं झालं की घट्ट होतं. जुना मोडलेला तुकडा कुटून घेतलात तर ती अडचण नाही. चकचकीत मासिकाचा कागद नको. सोडणाचा (नारळाच्या सालीचा) काथ्या तर अजिबात नको: त्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) भरपूर, आणि ऑक्सिजनशिवाय लिग्निन जवळजवळ हलत नाही.

शेवाळ दोनेक आठवड्यांत, तळ काळा तीन-चार आठवड्यांत, रंग सहा ते आठ आठवड्यांत. बाटली फिरवू नका. खिडकीकडच्या बाजूलाच पट्टे उमटतात आणि फिरवली की सगळे नव्याने मांडामांड करतात.

खारफुटी

एक तुलनेची बाटली जरूर लावा: सगळं तसंच, फक्त बाहेरून काळा कागद किंवा ॲल्युमिनियम फॉइल. दोन महिन्यांनी काढलीत तर ती काळी दिसेल, रंगीत पट्टे नसतील. कागदातली ऊर्जा तिथेही वापरली जाते, पण नवी ऊर्जा आत येत नाही. उजेडातल्या बाटलीत कार्बन आणि गंधक पुन्हा पुन्हा फिरतात, ऊर्जा मात्र फिरत नाही. ती प्रकाश म्हणून येते, काही काळ रासायनिक बंधांत राहते आणि उष्णता होऊन बाहेर जाते. पदार्थाचं चक्र आणि ऊर्जेचा प्रवाह यांत मुलांची नेहमी गल्लत होते, ती या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की सुटते.

आणखी एक तिसरी, कागद न घालता, जागा असेल तर.

डिचोलीचा_गाळ

सुरक्षिततेचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि प्रमाण वाढलं की नाक बधिर होऊन वास येणंच थांबतं, तेव्हा "वास गेला, म्हणजे ठीक" असं समजू नये. दीड लिटरच्या बाटलीतून थोडाच निघतो, पण बाटली १ उघड्या व्हरांड्यात न्या, वर्गात उघडू नका. काळ्या गाळावर आम्ल टाकून दाखवायचा मोह टाळा, साठलेला सगळा सल्फाइड एकदम सुटतो. हातमोजे घाला, जखम असलेल्या मुलाला गाळात हात घालू देऊ नका.

काम झालं की बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो आणि आठवडाभर वास राहतो. उघड्या घमेल्यात पातळ पसरून दोन दिवस ठेवा. काळा गाळ हवेने पुन्हा तपकिरी होतो, ते मुलांना बघू द्या. मग ज्या काठावरून आणला तिथेच परत टाका. बागेतल्या झाडांना नको: त्यात मीठ आहे, आणि सल्फाइड हवेशी मिळून सल्फ्युरिक आम्ल होतं. खाजनात दीर्घकाळ कोरड्या पडलेल्या शेताची माती आंबट होते ती याच कारणाने.