बारावीनंतर सॉकरसाठी गॅप इयर: कुणाच्या मुलांनी घेतलंय का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा मिडफिल्डर, येत्या जूनमध्ये (२०२६) शाळा संपेल. डिसेंबर २००७ चा जन्म, आणि इथे इतकी वर्षं वयोगट जन्मवर्षावर ठरायचे. म्हणजे टीममध्ये हाच सगळ्यांत धाकटा, बाकीची बहुतेक मुलं एक इयत्ता पुढे. डिव्हिजन वनचे, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यांत वरच्या गटाचे कोच दहावीनंतरच्या १५ जूनपासून थेट संपर्क करू शकतात, तेव्हा हा बेंचवर. अंगात ताकद आली ती आत्ता कुठे. आता कोच म्हणतात, 'आवडला, पण जागा नाही.' त्यांचंही खरं आहे म्हणा. ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) एकवीस-बावीस वर्षांचे तयार खेळाडू मिळतात आणि २०२५ च्या हाउस खटल्याच्या (कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याबद्दलच्या) तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना रोस्टर, म्हणजे टीममधल्या खेळाडूंची संख्या, २८ वरच थांबवावा लागतो.

क्लबचा कोच म्हणतो, एक वर्ष थांबवा. मलाही पटतंय. पुण्याला सांगितलं तर 'ड्रॉप घेतोय' एवढंच ऐकू जातं, ते सोडा.

माझ्या वाचनात आलेले नियम असे: शाळा संपल्यावर सॉकरला एक वर्षाची सूट, त्यानंतरही स्पर्धांमध्ये खेळत राहिला तर कॉलेजात खेळायला मिळणाऱ्या सीझनांतला एक जातो. मधल्या काळात कुठेही फुल-टाइम कॉलेज सुरू केलं की खेळण्याच्या पाच वर्षांचं घड्याळ चालू. कॉलेजात खेळण्यासाठी लागणारे सोळा कोअर कोर्स (इंग्रजी, गणित असे मुख्य विषय) शाळेतच संपवायचे, नंतर जेमतेम एक चालतो. नियम सध्या सारखे बदलताहेत, म्हणून अलीकडचा अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.

वर्ष घालवायचं कुठे, हा खरा घोळ. न्यू इंग्लंडातल्या बोर्डिंग शाळांत पोस्टग्रॅज्युएट वर्ष (बारावीनंतर शाळेतच आणखी एक वर्ष) करता येतं, अभ्यास सुटत नाही, सामने बघायला कॉलेजचे कोचही येतात, पण फी खासगी कॉलेजच्या तोडीची. स्पेनमधल्या एका अकादमीशी फोनवर बोललो. मैदान, जेवण, स्पॅनिशचे वर्ग, सगळं भरभरून सांगितलं. सामने नक्की कोणत्या लीगमध्ये खेळवता, असं विचारल्यावर मात्र 'चांगल्या दर्जाचे प्रतिस्पर्धी असतात' यापलीकडे उत्तर नाही. एवढ्या पैशांत हे मला झेपणारं नाही. तिसरा पर्याय घरीच राहण्याचा. या फॉलपासून वयोगट १ ऑगस्टपासून मोजणार आहेत, त्यामुळे तो अंडर-१९ मध्ये अजून बसतो. क्लबकडून खेळेल, जिम करेल, अर्धवेळ नोकरी करेल. मला हाच बरा वाटतो. बायकोला भीती, की पोरगा दुपारी बारापर्यंत झोपून राहील.

तर प्रश्न असे. आत्ता प्रवेश मिळालाय तिथे एक वर्षाचं डिफरल (प्रवेश राखून पुढे ढकलणं) मागावं, की पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करावेत? डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप नसतेच, मग तिथले कोच गॅप इयरवाल्याला कितपत विचारतात? आणि अगदी साधं: कोचना ईमेल करताना विषयात ग्रॅज्युएशनचं वर्ष २०२६ लिहायचं की २०२७?