अनोळखी टीमच्या गेमला किकस्टार्टरवर पैसे द्यावेत का?

रातकिडा:
किकस्टार्टरवर (गेम बनायच्या आधीच लोकांकडून पैसे गोळा करायची साइट) एक गेम सापडलाय, हाताने काढलेली चित्रं, पडका वाडा, मस्त वातावरण, ट्रेलर तीनदा बघून झाला. पण टीम तिघांची, तिघांचीही नावं कधी ऐकलेली नाहीत आणि आधीचा एकही गेम नाही. सहा दिवस उरलेत, टार्गेटच्या साठेक टक्के जमलेत, डेमो "लवकरच" म्हणतायत. मागे अशाच एका गेमला पैसे दिले होते, त्यांचा शेवटचा अपडेट येऊन दीड वर्ष झालं, खाली कॉमेंटमध्ये नुसत्या शिव्या. दुधाने तोंड पोळलंय त्यामुळे आता ताक फुंकतोय. तुम्ही कसं ठरवता? की सरळ नाव असलेल्या लोकांनाच द्यायचे?

खडूस_खेळाडू:
नाव असलं म्हणजे सेफ हे आधी डोक्यातून काढा. नील स्टीफन्सन, एवढा मोठा कादंबरीकार, त्याने २०१२ ला क्लँग म्हणून तलवारबाजीचा गेम काढला, पाच लाख डॉलरच्या वर जमले आणि २०१४ ला गुंडाळला. मेगा मॅन गेमवाल्या केइजी इनाफुनेचा मायटी नंबर नाइन, ३८ लाख डॉलर, तारखा पुढे ढकलत ढकलत २०१६ ला आला आणि बघून लोकांनी कपाळाला हात लावला.
उलट अंडरटेल हा गेम घ्या. टोबी फॉक्सने २०१३ ला मागितले फक्त ५,००० डॉलर, जमले ५१,००० च्या वर, पण मेन गोष्ट म्हणजे पैसे मागायच्या आधीच त्याने खेळता येईल असा डेमो सोडला होता, लोकांनी खेळून बघितलं आणि मग दिले. होलो नाइट गेमवालेही तेव्हा कोणाला माहीत नव्हते, २०१४ ला ५७,००० ऑस्ट्रेलियन डॉलर जमले. दोन्ही गेम सांगितल्यापेक्षा उशिरा आले बरं का, तेव्हा उशीर झाला की लगेच चोर म्हणू नका.
तुमच्या केसमध्ये डेमो नाही, इथेच मी थांबलो असतो.

अर्धवट_कोडर:
मी स्वतः छोट्या टीममध्ये प्रोग्रामर आहे म्हणून सांगतो, डेमो नसणं दरवेळी लबाडी नसते, बाहेर द्यायच्या लायकीचा डेमो बनवायला महिने जातात. पण ट्रेलर नीट बघा, तो खरंच खेळून रेकॉर्ड केलाय का? कोणी खेळत असेल तर कॅरॅक्टर मध्येच थबकतो, उडी चुकते, मरतो, मेनू उघडतो. सगळं सिनेमासारखं गुळगुळीत असेल तर ते नुसतं ॲनिमेशन असू शकतं, गेम अजून कागदावरच.
दुसरं म्हणजे हिशोब मांडा. जमलेल्यातले ५ टक्के किकस्टार्टरचे, पेमेंटचे साधारण तेवढेच अजून, मग टॅक्स, मग पैसे देणाऱ्यांना कबूल केलेले टीशर्ट आणि आर्टबुक छापून जगभर पाठवायचा खर्च. उरलेल्यात तिघं किती महिने जगतील? टार्गेट फारच कमी असेल तर विचारा की बाकीचे कुठून येणार, "आम्ही नोकरी सांभाळून करतोय" हेही चालेल पण सांगायला हवं. एफटीएल गेमवाल्या दोघांनी २०१२ ला १०,००० डॉलर मागितले, दोन लाख मिळाले आणि त्याच वर्षी गेम आला, कारण बराचसा आधीच झालेला होता.
आणि स्ट्रेच गोलमध्ये (टार्गेटच्या वर पैसे जमले तर अजून काय देऊ त्याची यादी) मल्टिप्लेअर दिसलं तर मी टॅबच बंद करतो. सिंगल प्लेअर म्हणून लिहिलेल्या गेमला ते मागून चिकटवणं म्हणजे घर बांधून झाल्यावर पाया बदलणं.

नंतर_बघू:
एवढी डिटेक्टिव्हगिरी कशाला? ते दुकान नाही, किकस्टार्टर रिफंड देत नाही, गेम नाही आला तर तुम्ही आणि ते डेव्हलपर बघून घ्या. मी विशलिस्टला टाकतो, बाहेर आला, रिव्ह्यू चांगले आले की घेतो.

खडूस_खेळाडू:
@नंतर_बघू सगळ्यांनी असंच केलं तर तुमच्या विशलिस्टला टाकायला उरेल काय? कोणीतरी आधी पैसे टाकतं म्हणून तुम्ही आरामात नंतर बघता.
@रातकिडा टार्गेट गाठलं नाही तर काहीच कापत नाहीत आणि गाठलं तरी कॅम्पेन संपल्यावरच कापतात, तोपर्यंत मागे घेता येतात, अगदी शेवटच्या दिवसावर मात्र ठेवू नका.

रातकिडा:
अपडेट देतो. काल कॉमेंटमध्ये विचारलं की कापाकापी न केलेला दहा मिनिटांचा गेमप्ले दाखवाल का. आज चार मिनिटांचा टाकला, हिरोईन दोनदा भिंतीत अडकते, एका खोलीत गेम इतका अडखळतो की पार स्लाइडशो होतो, आणि खरं सांगू का ते बघून उलट बरंच वाटलं. पैशाचं विचारलं तर दोघं नोकरी करतात, फक्त चित्रं काढणारी फुलटाइम आहे म्हणाले. पुढच्या वर्षीची तारीख मला पटत नाही, दोन वर्षं धरून चाललोय. सगळ्यात खालचा टियर (स्वस्तातला पर्याय) घेतला, गेम फक्त, टीशर्ट नको. बुडाले तर बुडाले.

अर्धवट_कोडर:
भिंतीत अडकते म्हणजे भिंत तरी आहे. लिंक टाका की इथे.