मदत हवी आहे: वर्ड ९७ मधील मराठी फायली नव्या संगणकावर वाचता येत नाहीत

नमस्कार. सदाशिव पेठेत कीर्तने करणाऱ्या माझ्या काकांनी आपली आख्याने वर्ड ९७ मध्ये टंकलिखित करून ठेवली होती. विंडोज ११ असलेल्या नव्या संगणकावर या फायली लिबरऑफिसमध्ये उघडतात, परिच्छेदही जागच्या जागी आहेत. मात्र देवनागरीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. फॉन्टचे नाव ‘डीव्हीबी-टीटीसुरेख’ असे येते, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर व मोबाइलवर चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांत) नाही आणि रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार बसवलेले आहेत. तो फॉन्ट मिळवला तर मजकूर वाचता येईल, परंतु त्यात शब्द शोधणे किंवा तो मोबाइलवर पाठवणे जमणार नाही, म्हणून मला कायमचे युनिकोड रूपांतर हवे आहे.

अशा फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो, त्यामुळे साध्या अदलाबदलीने शब्द बिघडतात. ओव्या-अभंगांत तर एक मात्रा हललेलीही चालत नाही.

हा क्रम नीट सुधारणारे, इंटरनेटशिवाय चालणारे आणि ठळक अक्षरे व तळटीपा कायम ठेवून संपूर्ण फोल्डर एकदम बदलणारे रूपांतरक कोणी वापरले आहे का? पुण्यात हे काम खात्रीने करून देणारे कोणी असल्यास तेही कृपया कळवावे.